दिल्लीची मूठ

दिगांबर, तुझ्या तेरवीला मी आलो, पण जेवलो नाही. शोभा वहिनींनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या ताट वाढूनच घेऊन आल्या. मी म्हणालो, पित्त झालंय. पित्तबित्त काही नव्हतं. तुझ्या अंगणात खोटं बोलायला मला जरासुद्धा जड गेलं नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहितो.

मंडपात लोकांनी तुझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. जाम गावच्या चौकातला तुझा पेट्रोल पंप, शेजारचं हॉटेल, रस्त्यावर अपघात झाला की सगळ्यांच्या आधी धावणारी तुझी गाडी. ते खरंच आहे, त्यातलं मी काही खोडणार नाही. मग खादीच्या जाकिटातले एक पुढारी उठले आणि म्हणाले, "दिगांबरभाऊनं आयुष्यात कधी कोनाची जात पाह्यली नाई." लोकांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. मला तिथून उठून जायचं होतं, पण माझ्या चपला त्या गर्दीत कुठेतरी सरकल्या होत्या आणि अनवाणी निघायचं म्हणजे तमाशा झाला असता. म्हणून बसून राहिलो आणि ते वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

चार वर्षं आपण बोललो नव्हतो. आता मी बोलणार आणि तुला ऐकावं लागणार. मला तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीबद्दल बोलायचं आहे.

पण त्याआधी तुझा हात. आपण विशीत होतो आणि हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरते कामाला लागलो होतो. मला गरज होती. तुझ्या घरी चांगली ओलिताची शेती होती, तुला गरज नव्हती. मी जातो म्हणून तू आलास. तिसऱ्या आठवड्यात मशीनच्या पट्ट्यात तुझा उजवा हात गेला. बाजूला बांबू पडला होता, तो घालून मी पट्टा उतरवला. करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं. दवाखान्यात नेताना तुझं मनगट मी माझ्या शर्टात गुंडाळून आवळून धरलं होतं. तू शुद्धीवर होतास आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, "मध्या, बैलजोडी हाकलता येईन ना बे मले?"

बैलजोडी तू पुढे हाकललीच नाहीस. रस्ता मोठा झाला, तुझा पंप आला. दोनदा पंपावर रॉड घेऊन माणसं चालून आली. दुसऱ्या वेळी तुझ्या मॅनेजरचं डोकं फुटलं. मग तू परवान्याचा अर्ज केलास, कितीतरी खेटे घातलेस आणि शेवटी बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलंस. माझा विरोध होता.

"तुले हे कायले पाह्यजे?" मी विचारलं होतं.

"तुयी आयटीआयची नौकरी. पोट्ट्यायले सुतारकाम शिकवतं अन् पाच वाजता घरी जातं. तुले कोन लुटते? तुयी पटाशी?"

मी हसलो होतो. तेव्हा तुझ्या बोलण्याचं मला हसू यायचं.

काही महिन्यांनी तू नागपूरला नेमबाजीच्या सरावाला गेलास आणि परत येताना सरळ वर्ध्याजवळ पिपरी मेघेला माझ्या दारात उभा राहिलास. उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं झालं होतं. अंगठ्याच्या बेचक्यातली साल निघाली होती. मी हात उलटासुलटा करून पाहिला आणि मला लगेच कळलं. कंपनीची मूठ चपटी आणि लहान. धडधाकट पंजाच्या माणसाला ती चालून जाते. तुझ्या खालच्या दोन बोटांतलं एक नव्हतं आणि एक अर्धं, म्हणजे मुठीचा बुडखा धरायला हातात काहीच नव्हतं. बार उडाला की नळी वर उसळायची, मूठ तळव्यात फिरायची आणि ट्रिगरभोवतीचं लोखंडी कडं मधल्या बोटावर आदळायचं.

तुझे सगळे उद्योग करून झाले होते. सायकलची ट्यूब कापून गुंडाळली होतीस, ती उन्हाळ्यात घामानं चिकट व्हायची. दुकानातून रबराचं आवरण आणलंस. ते हाताला मऊ होतं, पण शर्टाखालून काढताना कापडाला धरून बसायचं, आणि जाड इतकं की तुझं बोट ट्रिगरवर नुसतं टेकायचं, ओढता यायचा नाही. त्यानंतर शिंपल्यासारखी चकाकणारी पांढरी प्लास्टिकची मूठ आणलीस.

"दिसाले भारी आहे," तू म्हणालास.

"दिसाले आहे, धराले नाई. घामाच्या हातातून साबनावानी निसटन."

"मंग तू करून दे ना. कायचा सुतार आहे बे तू?"

मी करतो म्हणालो. तुझ्या त्या हातासाठी काहीतरी करायचं मला जिनिंगपासून राहिलंच होतं.

परवाना तुझा, तेव्हा हत्यार तुझ्याजवळून हलू शकत नव्हतं, आणि मी सरकारी नोकर, मला ते घरात ठेवायचं नव्हतं. म्हणून अकरा रविवार तू आलास. गोळ्या घरी ठेवून यायचास, आल्याआल्या चक्री उघडून रिकामी दाखवायचास आणि मी काम करत असेपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून राहायचास. पहिल्या रविवारी वहिनीही होत्या. मी त्यांना घट्ट कणीक भिजवायला सांगितली. "पोया करता का बंदूक करता, भाऊजी?" असं म्हणत त्यांनी ती भिजवली. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या मापाची मी एक लाकडी पट्टी कापली होती. तिच्याभोवती कणकेचा गोळा लावला आणि तुला मूठ आवळायला सांगितली. बोटं होती तिथं कणीक दबली. नव्हती तिथं बाहेर आली. तू तिकडे पाहिलं नाहीस, खिडकीबाहेर पाहत राहिलास.

लाकूड तिवसाचं घेतलं. सागवानाच्या रेषा मोठ्या, त्यावर बारीक चौकड्या कापल्या की कंगोरे तुटतात. तिवस बैलगाडीचा भार सोसतं, माझ्याजवळ त्याचा एक ठोकळा पडून होता. कड्याच्या मागची पोकळी मी भरून काढली म्हणजे बोटाला मार बसू नये. मध्ये तळव्यापुरता फुगवटा ठेवला. खाली एक ओठ काढला, त्यावर तुझ्या पंजाची कड टेकायची, नसलेल्या बोटांचं काम त्या ओठानं करायचं. पुढून मात्र बारीक ठेवलं, नाहीतर तुझं बोट ट्रिगरपर्यंत पोचलं नसतं. डाव्या अंगाला वरून थोडं तासलं म्हणजे रिकामी काडतुसं अडकू नयेत. पॉलिश केलं नाही, नुसतं तेल पाजलं. दर रविवारी थोडं काढायचं, तुला धरायला द्यायचं, डोळे मिटायला लावायचं आणि विचारायचं, कुठं टोचते? तू अंगठ्यानं जागा दाखवायचास.

बोटांच्या खाचांवरून आपण तीन रविवार भांडलो.

"पिक्चरमदल्यासारख्या खाचा पाह्यजे मले."

"घाईत हात दरवेळी त्याच जागी पडत नाई. खाच चुकली का तिचा कंगोरा बोटाखाली येते. मंग काय करशीन?"

"मले खाली दीडच बोट आहे बे. ते कायले चुकते?"

आपण दोघं पोट धरून हसलो. खाचा मी केल्या नाहीत. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की असायला हव्या होत्या.

मूठ बसली, तू नागपूरला गेलास आणि तिथूनच फोन केलास. "मध्या, हलतच नाई बे! हातातच उगवल्यावानी वाटून राह्यलं." मागे कोणाचे तरी बार उडत होते आणि तू लहान पोरासारखा ओरडत होतास. मी आयुष्यभर पोरांना कोन, सांधे, स्टूल-टेबल शिकवलं. कोणी मला असं काही म्हणालं नव्हतं. ते वाक्य मी पुष्कळ दिवस पुरवून वापरलं. हे तुझं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही.

मग दसरा आला. तू शस्त्रपूजेला बोलावलं होतंस. त्या दिवशी मी दरवर्षीसारखा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. येताना बुटीबोरीला वर्ध्याकडे न वळता तुझ्यासाठी सरळ जामला आलो. अंगावर पांढरे कपडे, पाय धुळीनं भरलेले. तुझं अंगण माणसांनी भरलं होतं. पाटावर कुऱ्हाड, विळे आणि मधोमध तुझं रिव्हॉल्व्हर, त्यावर झेंडूचं फूल. वहिनींनी माझ्या हातात चिवड्याची प्लेट दिली. तेवढ्यात ते खादीच्या जाकिटातले गृहस्थ पाटापाशी वाकले. हो, तेरवीला बोलले तेच. त्यांनी मुठीवरून बोट फिरवलं.

"वा! काय काम आहे! कोनं केली?"

मी चार पावलांवर होतो. तू मान वर केलीस आणि मला पाहिलंस. नीट पाहिलंस, दिगू. माझे कपडे पाहिलेस. मग त्यांच्याकडे वळलास आणि म्हणालास, "दिल्लीहून मागवली. खास ऑर्डर देऊन."

"तेच म्हटलं. आपल्याकडं असं काम होतच नाई."

"हाव ना," तू म्हणालास.

दिल्लीपेक्षा मला ते "हाव ना" लागलं. दिल्ली तोंडातून निसटली असं मी स्वतःला समजावू शकलो असतो. प्लेट ओट्यावर ठेवली आणि निघालो. मागून तू हाक मारली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. तुझ्या फोनची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

"काऊन खोटं बोलला?"

"अबे, तुले ते लोकं माहीत नाई. नाव सांगतलं असतं तर आडनाव इचारलं असतं त्यायनं. मंग एखादा काई बोलला असता, तुले लागलं असतं. मी तुलेच वाचवून राह्यलो होतो."

"मले का स्वतःले?"

तू म्हणालास, "तुले आता सगयीकडं तेच दिसते." आणि फोन ठेवलास.

हे उत्तर मी इतकी वर्षं उलटसुलट करून पाहिलं. मला सगळीकडे तेच दिसतं असं म्हणणारा तू पहिला नव्हतास. शिकताना ऐकलं, नोकरीत ऐकलं, बढतीच्या वेळी ऐकलं. पण ज्याचं मनगट मी शर्टात धरून बसलो होतो त्याच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तुझा फोन आला. दसरा जणू झालाच नव्हता अशा आवाजात तू म्हणालास, "मध्या, मूठ हलून राह्यली बे. लाकूड फुगलं का काय. रविवारी येऊ का?"

मी म्हणालो, "दिल्लीले पाठव."

आपलं शेवटचं बोलणं ते. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. संध्याकाळी जेवताना मी दोनदा वाढून घेतलं.

आता एक गोष्ट, जी मला लिहायची नव्हती. माझे बाबा गेले तेव्हा तू सगळ्यांच्या आधी आलास. घरापासून शेवटपर्यंत खांदा दिलास, कोणी बदलायला आलं तरी बदलू दिला नाहीस. बुद्धवंदनेला आमच्यासोबत हात जोडून उभा राहिलास, शब्द येत नव्हते तरी ओठ हलवत राहिलास. ती गोष्ट मी वर्षानुवर्षं लोकांना अभिमानानं सांगितली. दसऱ्यानंतर मात्र तिच्याकडे पाहताना एकच मनात यायचं, की त्या दिवशी तिथं तुझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. बघ, तू माझ्या बाबांना दिलेला खांदासुद्धा माझ्याकडे धड ठेवला नाहीस. आणि कदाचित हा अन्याय मीच तुझ्यावर करतो आहे. ठरवता येत नाही. ठरवायला तू हवा होतास.

तेरवीची गर्दी ओसरल्यावर मी चपला शोधत होतो तेव्हा तुझा निखिल आला. नोकरीसाठी पुण्याला राहून तो आता तिकडचंच बोलतो. "काका, तुम्हाला लाकडातलं कळतं ना? एक मिनिट आत या." आतल्या खोलीत त्यानं कपाट उघडलं. तू गेलास म्हणून दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायचं होतं. मी आधी चक्री उघडून रिकामी आहे हे पाहिलं, मग मुठीकडे पाहिलं. तिच्यावर वायरमन वापरतात ती काळी टेप होती. थरावर थर. जुन्या थरांची कड भुरकट झाली होती, वरचा थर नवा होता.

"ही टेप काढू का अशीच देऊ?" निखिल म्हणाला. "बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मूठ दिल्लीची आहे म्हणायचे."

तू तुझ्या पोरालाही दिल्लीच सांगितलंस.

मी टेप काढायला बसलो. बराच वेळ लागला, लाकडाला गोंद धरला होता. खाली डाव्या बाजूला स्क्रूच्या भोकापासून निघालेली भेग होती, खालच्या ओठापर्यंत गेलेली. पाहताक्षणी मला माझी चूक कळली. ठोकळा पुरता वाळलेला नव्हता. मला तो अजून सहा महिने ठेवायला हवा होता, आणि मी ठेवला नाही, कारण मला दसऱ्याच्या आत ती तुझ्या हातात द्यायची होती. लोकांनी पाहावी अशी माझीही इच्छा होती. तू फोन केलास तेव्हा दोष माझ्या कामात होता, आणि मी तुला दिल्ली दाखवली.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या निखिलला म्हणाल्या, "ते दिल्लीची नाई. ह्या भाऊजींनं केली."

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. "मग बाबा असं का सांगायचे?"

मी टेपचे तुकडे गोळा करू लागलो. त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

मग वहिनी खाली बसल्या. "दुकानवाला नवीन रबराची बसवून देतो म्हने," त्या म्हणाल्या. "यायनं नाई बसवू देली. ही हलन तरी हेच राहीन म्हने. टेपा गुंडायत बसत. म्या म्हटलं, कायले जीवाले खाता, जा वर्ध्याले, माफी मागा. तर म्हने, तो दार नाई उघडनार." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "उघडलं असतं का, भाऊजी?"

"नसतं उघडलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं.

तू ती मूठ टेपखाली का ठेवलीस, दिगू? माझ्यासाठी जपलीस, की कोणी पुन्हा विचारू नये म्हणून झाकलीस? वहिनींना वाटतं, जपलीस. मला दोन्ही वाटतं, आणि बहुतेक वेळा दुसरंच. तू एकदा येऊन दार वाजवलं असतंस आणि मी उघडलं नसतं, तरी आज माझ्याजवळ ते न उघडलेलं दार असतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस. तुझ्यासाठी रडायला बसलो की मला राग येतो आणि रागावलो की तुझा हात आठवतो, मग दोन्हींतलं काहीच धड होत नाही.

काल निखिल म्हणाला, साक्षीदार म्हणून सोबत येता का? मी गेलो. ठाण्यात टेबलामागे एक तरुण बाई हवालदार होत्या. त्यांनी परवाना पाहिला, रिव्हॉल्व्हरचा नंबर ताडून पाहिला, वर्णनात लिहिलं, "मूठ लाकडी, भेगाळलेली." मग माझ्याकडे पेन रोखून विचारलं, "सोबत हे कोन?"

"बाबांच्या ओळखीचे आहेत," निखिल म्हणाला.

पोराचा दोष नाही. तू त्याला तेवढंच दिलं होतंस.

"पूर्ण नाव सांगा काका, आडनावासकट," बाई म्हणाल्या.

"मधुकर सीताराम थूल."

त्या लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होत्या. "मधुकर... सीताराम... थूल. मयताशी नातं?"

"मित्र."

"मित्र," त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "इथी सही करा."

वर तुझं पूर्ण नाव होतं, खाली माझं. मी सही केली. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. एक जण फोनवर बोलत होता, एक जण पेपर वाचत होता. तुझ्या गावचे, तुला ओळखणारे दोघं तरी त्यांत होते. माझं आडनाव तुझ्या नावासोबत सगळ्यांसमोर मोठ्यानं घेतलं गेलं आणि एकानंही मान वर करून पाहिलं नाही. ठाणं म्हणजे तुझं अंगण नव्हे, हे मला कळतं. तिथल्या बाकावर बसलेल्यांना तुझ्याकडून काही नको होतं आणि तुलाही त्यांच्याकडून. पण मी तिथं उभा राहून थोडा वेळ वाट पाहिली. काहीच झालं नाही.

एवढंच होतं ते, दिगू. एवढ्याला तू भ्यालास.